फळ्याला हात कोणाचा?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानाच्या अध्यापनावर इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. संपादक मंडळाने प्रथम आमच्या विज्ञान शिक्षक सहकाऱ्यांनाच विचारले होते. त्यांनी दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे कारण पुढे केले आणि हा भार आमच्यावर आला. आम्ही तो आनंदाने घेतला, कारण गेली दोन वर्षे शाळेत जे घडताना आम्ही पाहत आहोत ते जितके विज्ञानाचे आहे तितकेच इतिहासाचेही आहे, असे आमचे मत झाले आहे.

जून २०२३ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आपल्या शाळेत पहिला स्मार्ट बोर्ड आला. नववीच्या खोलीत तो बसविला गेला त्या दिवशी वंदना झाली, फीत कापली गेली, पालकांना पेढे वाटले गेले. लाखांदूर तालुक्यातून एक पालक आले होते; धानाच्या रोवणीचे दिवस तोंडावर असताना मजुरी सोडून आलेले. सर्वजण निघून गेल्यावर ते त्या काळ्या काचेसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच आम्हांला म्हणाले, "गुरुजी, याले आमच्या पोट्ट्यायनं हात लावला त चालते ना?"

त्यांनी हे सहज विचारले असेल. महागडी वस्तू खराब होईल, एवढीच भीती त्यामागे असेल. पण इतिहास शिकवणाऱ्याच्या कानाला तो प्रश्न सहज लागला नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलातील प्रसंग आपणां सर्वांना माहीत आहे. शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमरावाचा हात फळ्याला लागण्यापूर्वी डबे हलविले गेले, मगच गणित सुटले. हा प्रसंग आम्ही दरवर्षी एप्रिल महिन्यात सांगतो आणि अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो. तो शिक्षणाच्या साधनाचाही प्रसंग आहे, हे आमच्या ध्यानात मात्र त्या पालकांच्या प्रश्नाने आले. त्या काळी फळा आणि खडू हेच वर्गातील तंत्रज्ञान होते. ते वर्गात होते, सर्वांना दिसत होते. प्रश्न होता तो त्याला हात कोण लावणार, याचा.

आम्ही त्या पालकांना "हो, त्यांच्यासाठीच आहे" असे उत्तर दिले. पुढील चार-सहा महिन्यांत ते उत्तर पूर्ण खरे नव्हते असे दिसून आले.

स्मार्ट बोर्ड वाईट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना वसतिगृहातील सर्व मुले-मुली त्या एका खोलीत दाटीवाटीने बसली होती, आणि यान उतरल्यावर जो आवाज झाला तो आमच्या आयुष्यात विसरता येणार नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, पेशीचे विभाजन कसे होते, हे खडूने काढलेल्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रात कितीतरी चांगले समजते. मुले वर्गात वेळेवर येऊ लागली. पण दिवाळीपूर्वी विज्ञान शिक्षकांनी एक साधी गोष्ट केली. भिंगांवरील चित्रफीत मुलांनी तोपर्यंत तीनदा पाहिली होती. किरण कसे वळतात, प्रतिमा कोठे पडते, हे ती धडाधड सांगत होती. सरांनी कपाटातून एक बहिर्गोल भिंग काढले, एका मुलाच्या हातात दिले आणि खिडकीची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाड, असे सांगितले. त्याने भिंग डोळ्याला लावले. दुसऱ्यानेही डोळ्यालाच लावले. एकोणचाळीस मुलांपैकी एकालाही ते भिंतीजवळ नेऊन पुढेमागे करून पाहण्याचे सुचले नाही.

ते भिंग खरेदी झाल्यापासून कागदात गुंडाळलेलेच होते. यात आम्हां शिक्षकांचा दोष आहे तसा व्यवस्थेचाही आहे. प्रयोगशाळेतील प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेली असते. फुटली तर हिशेब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली शिक्षकाकडे, आणि प्रयोग शिक्षकाच्या टेबलावर, मुलांनी लांबून पाहण्यासाठी. स्मार्ट बोर्डाने हे टेबल अधिक मोठे आणि अधिक रंगीत केले, इतकेच. मुले जेथे होती तेथेच, बाकांवर हाताची घडी घालून बसून राहिली. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानाच्या उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्याच्या मुलांना आता उंबऱ्याच्या आत घेऊन प्रेक्षक म्हणून बसविणे, ही प्रगती आहे खरी. पण ती अर्धीच आहे.

यंत्र आले की शिक्षण बदलेल, ही आशा नवी नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा, 'साइट' म्हणून ओळखला गेलेला भव्य प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. आपले राज्य त्यात नव्हते. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडला गेला. त्याआधी रेडिओ होता, नंतर संगणक कक्ष आले, मग सीडी आल्या. आमच्या सेवाकाळातच यातील तीन यंत्रे आम्ही कार्यालयाच्या माळ्यावर चढताना पाहिली आहेत. परदेशांतही वेगळे घडलेले नाही. पेरू या देशाने गरीब खेड्यांतील मुलांना लाखो लॅपटॉप दिले; २०१२ मध्ये तेथील तीनशेहून अधिक शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा भाषा आणि गणितातील प्रगतीत मोजता येईल असा फरक आढळला नाही. ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित आणि विज्ञानातील गुणांत लक्षणीय सुधारणा दिसत नाही, असे श्रीमंत राष्ट्रांच्या 'ओईसीडी' या संघटनेने २०१५ च्या अहवालात नमूद केले. हे वाचून यंत्रांना नावे ठेवण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. यंत्र कोणाच्या हातात होते आणि त्याने त्याचे काय केले, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

या उलट उदाहरणे आपल्या अगदी शेजारची आहेत. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता. त्याच मध्य प्रदेशात १९७२ मध्ये 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सोळा माध्यमिक शाळांत सुरू झाला. खेड्यातील मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे स्वतः लिहायची आणि निष्कर्षावर वर्गात वाद घालायचा, हे त्याचे सूत्र. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृती उभ्या केल्या, त्या याच कार्यक्रमाच्या सहवासात. पुढे पुण्याच्या 'आयुका'त त्यांनी तेच काम हजारो मुलांपर्यंत नेले. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये तेथील सरकारने तो बंद केला. नागपुरात महानगरपालिकेच्या शाळांतील मुले 'अपूर्व विज्ञान मेळ्या'त बाटल्या, फुगे, स्ट्रॉ आणि चुंबकांचे प्रयोग येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतः समजावून सांगतात. आम्ही दोनदा आपल्या मुलांना तेथे नेले. परत येताना बसमध्ये मुले बोलत होती ती प्रयोगांबद्दल नव्हे. तो आपल्यासारखाच मुलगा मोठ्या माणसांना न घाबरता कसा सांगत होता, याबद्दल.

याच धाग्याने आम्ही मोबाईल फोनपर्यंत आलो. आपल्या वसतिगृहात विद्यार्थ्यांना फोन ठेवण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे आम्ही आजही मानतो. पण फोन हे केवळ चित्रफिती पाहण्याचे साधन नाही. त्यात ध्वनी टिपणारा मायक्रोफोन आहे, त्वरण मोजणारा संवेदक आहे, चुंबकीय क्षेत्र ओळखणारा संवेदक आहे, बहुतेक फोनांत प्रकाशाची तीव्रता मोजणाराही असतो. एकेकाळी ज्या उपकरणांसाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा लागे, ती खिशात आली आहेत. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने तयार केलेले 'फायफॉक्स' नावाचे मोफत ॲप ही मोजमापे उघडून दाखविते. एकदा फोनमध्ये घेतले की इंटरनेट लागत नाही, आणि आपल्या भागातील भारनियमनाचे तास पाहता ही गोष्ट लहान नाही.

विज्ञान शिक्षकांनी शिक्षकांचेच दोन जुने फोन घेतले. एकाची काच तडकलेली होती. एप्रिल २०२४ मधल्या एका दुपारी मुलांनी मैदानावर टेपाने वीस मीटर अंतर मोजले. दोन्ही टोकांना एकेक फोन आणि एकेक विद्यार्थी. हातात वसतिगृहाचे स्टीलचे ताट आणि चमचा. पहिल्याने ताट वाजविले की त्याच्या जवळचा फोन तत्काळ वेळ मोजू लागतो; दुसऱ्या टोकाचा फोन मात्र आवाज वीस मीटर चालून पोहोचल्यावर सुरू होतो. मग दुसरा विद्यार्थी ताट वाजवितो. आता त्याच्या जवळचा फोन तत्काळ थांबतो आणि पहिला उशिराने. दोन्ही फोनांवरील वेळांचा फरक म्हणजे आवाजाला एकूण चाळीस मीटर जाण्यास लागलेला वेळ. तो सेकंदाच्या एक दशांशाहून किंचित अधिक असतो. मुलांनी तीस वेळा ताटे वाजविली, सरासरी काढली, भागाकार केला. उत्तर आले सेकंदाला ३५९ मीटर.

पंचवीस अंश सेल्सिअसला हवेतील ध्वनीचा वेग सुमारे ३४६ मीटर, असे त्यांनी पाठ केले होते. एका हुशार मुलाने ताबडतोब विचारले, "सर, उत्तर पुस्तकाप्रमाणे आणू का?" या प्रश्नात आपल्या प्रात्यक्षिक परीक्षांचा सगळा इतिहास आहे. प्रयोग न करता वहीत 'योग्य' उत्तर लिहिण्याची कला आपली मुले नववीतच शिकतात. आम्हीही शिकलो होतो. सरांनी त्याला जे आले ते लिहायला लावले आणि चूक शोधायला सांगितले. दोन दिवस वाद चालला. अंतर पुन्हा मोजले गेले. वाऱ्याला दोष देण्यात आला. शेवटी एका मुलीने पुस्तकातील 'पंचवीस अंश' या शब्दांवर बोट ठेवले. त्या दुपारी सावलीत बेचाळीस अंश होते. तापमान एक अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, हे सरांनी तेव्हा सांगितले, आधी नाही. हिशेबाने बेचाळीस अंशाला ३५६ यायला हवे होते. म्हणजे मुलांचे उत्तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा भंडाऱ्याच्या उन्हाला अधिक जवळ होते. डिसेंबरच्या एका सकाळी बारा अंशांवर त्यांनी पुन्हा ताटे वाजविली. अपेक्षित ३३८, आले ३३६. त्या दिवशी नाश्त्याला उशीर झाला म्हणून गृहपाल रागावले, पण तेही पाहायला आले होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या दिवशी दोन्ही फोन मुलांच्याच हातात होते आणि मुली आकडे वहीत उतरवून घेत होत्या. कोणी तसे ठरविले नव्हते. ते आपोआप झाले, आणि आमच्याही लक्षात दुसऱ्या दिवशी आले. 'असर' च्या २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयोगटात स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण ४३.७ टक्के आणि मुलींचे १९.८ टक्के आढळले, ते हेच. घरात फोन आहे म्हणजे तो मुलीच्या हातात आहे असे नव्हे. सावित्रीमाईंची जयंती साजरी करणाऱ्या शाळेत हे घडावे, याची आम्हांला लाज वाटली. तेव्हापासून नियम केला आहे: फोन आणि वही दर प्रयोगाला हात बदलतील. पंचवीस अंशांवर बोट ठेवणारी मुलगी त्या पहिल्या दिवशी वहीच लिहीत होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ आहे. त्यात 'दात्रपेशी पांडुरोग' असा एक रोग येतो. स्मार्ट बोर्डावर त्याची सुंदर चित्रफीत आहे. लाल गोल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिनीत अडकतात. चित्रफीत संपली, मुलांनी व्याख्या उतरवून घेतली. वर्गातील एकालाही हा रोग म्हणजे आपल्याकडे ज्याला 'सिकलसेल' म्हणतात तोच, हे कळले नव्हते. पूर्व विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात हा आजार किती घरांत आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. सांधे दुखून रात्रभर रडणारे मूल, वारंवार भरवावे लागणारे रक्त, जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या, हे त्या वर्गातील काही मुलांनी आपल्या घरी पाहिलेले होते. दात्र म्हणजे विळा, हे कोणी सांगितले असते तर विळा हातात धरून मोठ्या झालेल्या या मुलांना आणखी काही सांगावे लागले नसते.

त्या रात्री एका मुलीने गृहपाल बाईंना विचारले, हा आजार आईमुळे होतो का? तिच्या लहान भावाला तो आहे, आणि घरात आजी तिच्या आईला रोज ऐकविते की हे दुखणे सुनेच्या घराण्यातून आले. बाईंनी ही गोष्ट नाव न घेता आम्हांला सांगितली.

दुसऱ्या दिवशी विज्ञान शिक्षकांनी बोर्ड बंद ठेवला आणि प्रत्येक जोडीला दोन नाणी दिली. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. छापा म्हणजे साधे जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे. दोघेही वाहक असल्यामुळे दोघांच्याही नाण्याला दोन्ही बाजू आहेत, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसल्याने ते ठाऊकही नसते. दोन्ही नाणी काटा पडली तरच मूल आजारी. एकट्या आईच्या नाण्याने ते कधीच होत नाही. हे सांगावे लागले नाही. पाच मिनिटांत मुले आपापसांत तेच बोलू लागली. आमची नजर त्या मुलीवर जाऊ नये, याची आम्ही काळजी घेत होतो.

मग दुसरा गैरसमज वर आला, आणि येथे संगणकाने जे केले ते नाण्यांना करता आले नसते. चारपैकी एक, असे पुस्तक सांगते. म्हणून लोक समजतात की एक मूल आजारी झाले की पुढची तीन सुरक्षित. या समजुतीवर आपल्याकडे संसार चालले आहेत आणि मोडले आहेत. मुलांनी शाळेच्या जुन्या संगणकावर एक्सेलमध्ये एक हजार कुटुंबे तयार केली, प्रत्येकात चार अपत्ये, आणि नाणी संगणकाला उडवायला लावली. प्रत्येक वेळी आकडे थोडे बदलत, पण ३१६, ४२२ आणि २६२ यांच्या आसपासच घुटमळत: हजारातील सुमारे ३१६ कुटुंबांत एकही आजारी मूल नाही, ४२२ कुटुंबांत एक, आणि २६२ कुटुंबांत दोन किंवा अधिक. म्हणजे चौथ्याहून अधिक घरांत ते 'चारपैकी एक' खोटे ठरते. नाण्याला मागची फेक आठवत नाही. प्रत्येक अपत्याच्या वेळी धोका तेवढाच, चारात एक. एका मुलाने विचारले, मग लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासावे ना? आम्ही म्हटले, हो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानाचे लक्ष्य २०४७ चे आहे. त्या वर्षी आजची ही मुले चाळिशीच्या उंबरठ्यावर असतील.

कोणाच्या घरी हा आजार आहे, कोणाची तपासणी काय आली, हे वर्गात विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही, असे आम्ही आधीच ठरवून घेतले होते. हा पाठ कोणी इतरत्र घेणार असतील तर एवढे मात्र विसरू नये.

'दात्रपेशी'चा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्या केंद्राने १९८० च्या दशकाच्या आरंभी महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ही मुले मागे पडतात त्याचे एक मोठे कारण पुस्तकांची भाषा आहे. विज्ञान तेच ठेवून भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते. चार दशके झाली, अजूनही आमच्या मुलांना विळ्यासाठी दात्र शिकावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सर्वत्र क्यूआर कोडची चर्चा झाली. कोडपेक्षा आम्हांला महत्त्वाचे वाटले ते त्यामागचे काम: मुलींची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्या शिक्षकाने पाठ त्या भाषेत नेले. बाजारात विकत मिळणाऱ्या पाठांना लाखांदूरच्या घरची भाषा ठाऊक नसते. ती ठाऊक असलेला माणूस वर्गातच असतो, पण त्याला कोणी विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी अप्रिय. आपल्या व्याख्यानांतून हल्ली ऐकू येते की बुद्धांनी अणूचा सिद्धांत आधीच सांगितला होता, पुंजभौतिकी धम्मात आहेच. असे दावे इतर धर्मांचे लोक करतात तेव्हा आपण हसतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा आशय वेगळा आहे: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका. त्या यादीत आज 'पडद्यावर दिसले म्हणून' असे जोडावे लागेल. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात, या आणि पाहा. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्यात पाहण्याआधी 'या' आहे. जागेवरून उठावे लागते.

हे सर्व सांगण्याचे निमित्त व्यावहारिक आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून उर्वरित सहा वर्गखोल्यांत स्मार्ट बोर्ड बसवावेत, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे. आम्हांला दाखविलेल्या दरपत्रकात एकूण खर्च नऊ लाखांच्या घरात जातो. पालकांची भावना आम्ही जाणतो. शहरातील महागड्या शाळेत जे आहे ते आपल्या लेकरांच्याही वर्गात असावे, ही मागणी दिखाऊपणाची नाही, समतेची आहे. त्या लाखांदूरच्या पालकांच्या डोळ्यांत आम्ही ती पाहिली. पण समता मोजायचीच तर भिंतीवर काय टांगले आहे यावरून नव्हे, मुलाच्या हातात काय आहे यावरून मोजावी. संस्थाचालकांचा पूर्ण आदर राखून आमचे मत असे, की सहाऐवजी दोन बोर्ड घ्यावेत. उरलेल्या रकमेतून प्रयोगशाळेत मुलांना उभे राहून काम करता येईल अशी टेबले करावीत, फुटतूट निधी वेगळा ठेवून डेडस्टॉकची भीती संपवावी, आणि एक प्रयोगशाळा सहायक मानधनावर नेमावा. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, पाच-दहा मुलांमागे एक याप्रमाणे घेता येईल. कोलोराडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशने मोफत आहेत आणि त्यांतील बरीच मराठीतही आहेत. ती जुन्या संगणकावर चालतात.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती वेगळी आहे. कपाटात पडलेला जुना फोन द्या. काच तडकली असली तरी चालेल, मायक्रोफोन चालू असावा. देण्यापूर्वी त्यातील आपली माहिती पुसून टाका. तुमच्यापैकी जे परिचारिका आहेत, आयुध निर्माणीत आहेत, वीज मंडळात आहेत, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षातून आठवडाभर येऊन मुलांसोबत एक प्रयोग करावा. पवनीकडील काही मुलांनी गोसीखुर्दच्या फुगवट्यात नागपूरकडून नाग आणि कन्हान नद्यांतून येणारे पाणी व त्यावर पसरणारी जलपर्णी, यांचे एकाच जागेवरून दर रविवारी छायाचित्र घेण्याचे ठरविले आहे. त्यांना पाणी तपासायला शिकविणारा माणूस हवा आहे. आम्ही इतिहासाचे, आमचा तेथे उपयोग नाही.

निधीच्या बैठकीसाठी मुलांकडूनही मागण्या लिहून घेतल्या. नववी-दहावीची यादी आमच्यासमोर आहे. पहिल्या क्रमांकावर नवा थर्मामीटर आहे, कारण डिसेंबरच्या त्या सकाळी जुना फुटला. दुसऱ्यावर पन्नास मीटरचा टेप. तिसऱ्यावर, हवेतील दमटपणाने आवाजाच्या वेगात काय फरक पडतो ते जुलैमध्ये मोजायचे आहे, म्हणून पावसात फोन झाकायला प्लास्टिकच्या पिशव्या.